फोटो झाला की कस्टर्ड

आमच्या शाळा मंडळाच्या सभेत एक वाक्य ठरलेलं असतं. मुलांना प्रशस्तिपत्रकं वाटून झाली, हात मिळवून झाले, फोटो निघाला, की अध्यक्ष माइककडे वाकतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "आता पुढचं कामकाज फार रटाळ आहे बरं का! ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबा, ज्यांचा गृहपाठ राहिलाय त्यांनी खुशाल निघा. आम्हाला मुळीच राग येणार नाही!" मग सगळे हसतात. दर महिन्याला तोच विनोद आणि तेच हसू. खुर्च्या सरकतात, आया कोट चढवतात, बाप किल्ल्या खुळखुळवतात, आणि बघता बघता सभागृहात फक्त मंडळ आणि पाण्याच्या बाटल्या उरतात.

मिसेस प्रुस्की या वाक्यावर सगळ्यात आधी उठायच्या.

आम्ही त्यांना मॅजिस्ट्रा, म्हणजे 'बाई', म्हणायचो. लॅटिन शिकवणाऱ्या बाईंना लॅटिनमध्येच हाक मारायची, ही त्यांच्या वर्गाची रीत. वर्गात पाऊल टाकलं की आपलं घरचं नाव दाराबाहेर राहायचं. त्या आठवडाभर प्रत्येकाला न्याहाळायच्या आणि मग बारसं करायच्या. माझी मैत्रीण टेसा उंच आणि शांत, तिला पिनस, म्हणजे पाइनचं झाड. मी वर्गात सगळ्यांचे आवाज काढायचे, म्हणून मला पिका. "पिका म्हणजे नकला करणारा बडबडा पक्षी," त्या म्हणाल्या, "आणि तो चमचेही चोरतो. हो की नाही, काय?"

हे 'हो की नाही, काय' त्यांच्या वाक्यांच्या शेपटीला लटकलेलं असायचं. मिलवॉकी शहराच्या दक्षिण भागातला, सॉसेजच्या दुकानातला आवाज तो. त्यांचे वडील तिथे सॉसेज भरायचे. लहानपणी चर्चमधली प्रार्थना लॅटिनमध्ये व्हायची. एकदा त्यांनी आईला विचारलं, "याचा अर्थ काय गं?" आई म्हणाली, "गप्प बस. देवाला कळतं, तेवढं पुरे." मॅजिस्ट्रा हे सांगताना आईसारख्या डोळे वटारायच्या आणि म्हणायच्या, "देवाला कळतं, पाद्र्याला कळतं, मग बर्नाडेटनेच काय घोडं मारलंय?" बर्नाडेट म्हणजे त्या स्वतः. त्या हट्टापायी त्या घरातल्या पहिल्या पदवीधर झाल्या. आमच्या उपनगरात नोकरीला आल्या तेव्हा शाळेच्या मागे मक्याची शेतं होती. पुढे शेतांच्या जागी मोठमोठी घरं झाली. ती घरं मास्तरणीच्या पगारात बसणारी नव्हती, म्हणून त्या रोज दक्षिणेकडून गाडी हाकत यायच्या. जेवायला राय धान्याच्या काळपट पावात लिव्हर सॉसेज आणि कच्चा कांदा. पहिल्या बाकावर बसणाऱ्यांनी दुपारनंतर श्वास बेताने घ्यायचा.

आमच्या शाळांचं नाव राज्यात मोठं. लोक कर्ज काढून इथे घर घेतात ते अंगणासाठी नव्हे, शाळेसाठी. अधीक्षक डॉ. लॅथ्रप बोलायला उभ्या राहिल्या की हात असे पसरतात, जणू कोणी बाळ झेलायला देतंय: "आपली मुलं! आपली उत्कृष्टता! आपला प्रवास!" आणि त्या उत्कृष्टतेचा पुरावा म्हणून दरवर्षी भिंतीवर काय दाखवायचं? लॅटिनच्या राष्ट्रीय परीक्षेतली सुवर्णपदकं. मॅजिस्ट्रांच्या मुलांची.

त्या पदकांच्या ओळीत एक जुना फोटो आहे. कान बाहेर आलेला, दातांना तारा लावलेला मुलगा. काइल हेप्नर. हाच आता मंडळाचा अध्यक्ष. वर्गात त्याचं नाव फेलिक्स, म्हणजे भाग्यवान. नववीत तो सगळ्याच विषयांत गटांगळ्या खात होता. मॅजिस्ट्रांनी त्याला वर्षभर शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं, आपल्या डब्यातला अर्धा पाव खायला घातला आणि परीक्षेला बसवलं. पुढे तो वकील झाला. निवडणुकीला उभा राहिला तेव्हा त्याच्या पत्रकावर त्याचा आणि मॅजिस्ट्रांचा फोटो होता. मॅजिस्ट्रा आमच्या हद्दीत राहत नव्हत्या, त्यांना मत नव्हतं. तरी त्या नाक लाल होईपर्यंत थंडीत कोपऱ्यावर त्याच्या नावाची पाटी धरून उभ्या राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायच्या, "माझा मुलगा आहे हा. म्हणजे जन्माने नव्हे, क्रियापदांनी."

त्या हिवाळ्यात कुजबुज सुरू झाली, की लॅटिन बंद होणार. राज्याच्या क्रमवारीत गणित मोजतात, वाचन मोजतात, लॅटिनची पदकं कोणीच मोजत नाही. ती भिंतीवर शोभतात, पण गुण मिळवून देत नाहीत. त्या जागी काहीतरी संगणकाचं येणार होतं. मॅजिस्ट्रांच्या निवृत्तीला अजून वेळ होता, पण त्यांना नोकरीची चिंता नव्हती. नववीची मुलं नुकती कुठे वाक्य जुळवायला लागली होती. "यांना अर्ध्या वाक्यात कसं सोडू?" त्या म्हणायच्या.

त्या सरळ काइलकडे गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उजळला होता.

"काय म्हणाला?" टेसाने विचारलं.

मॅजिस्ट्रांनी काइलचा खर्जातला वकिली आवाज काढला. नकलेत त्या माझ्याही आजी होत्या. "'मॅजिस्ट्रा, मी असेपर्यंत लॅटिनला कोणी हात लावणार नाही. आणि विषय निघालाच, तर आधी तुम्हाला सांगेन.' झालं समाधान? चला, पुस्तकं काढा."

मार्चच्या सभेत आमच्या लॅटिनच्या संघाचा सत्कार होता. तरीही टेसाने घरी लॅटिनच्या बाजूने एक भाषण बसवलं होतं. मॅजिस्ट्रा म्हणाल्या होत्या, "असू दे. पावसाचा भरवसा नसेल तर छत्री न्यावी. हो की नाही, काय?" सभागृहाच्या दारातच काइल भेटला. निळा टाय, दोन्ही हात पुढे.

"फेलिक्स," मॅजिस्ट्रा म्हणाल्या, "खरं सांग. आज आमचा विषय आहे का? असेल तर ही मुलगी बोलणार आहे."

"आज?" काइल हसला. "आज नुसतं कौतुक, मॅजिस्ट्रा. तुम्ही आपल्या या पोरांना घ्या आणि सरळ होबीकडे जा. अजून नेता ना? माझ्या वाटचंही खा. आज पेकन आहे, मी येताना पाटी वाचली."

"तुला पेकन आवडायचं."

"अजून आवडतं. इथे अडकलोय, नाहीतर मीच आलो असतो."

होबीचं दुकान म्हणजे आमचं कस्टर्डचं दुकान. आमच्याकडे आइस्क्रीम पाहुण्यांना देतात, स्वतः मात्र कस्टर्ड खातात. अंड्याच्या बलकाचं, गोठवलेलं, इतकं घट्ट की चमचा उभा राहावा. रोजची चव बाहेरच्या पाटीवर लिहिलेली. सत्काराचा फोटो झाला की मॅजिस्ट्रा संघाला होबीकडे नेतात, ही रीत काइलच्या काळापासूनची. किंबहुना काइलच्या संघापासूनच सुरू झालेली.

मग प्रशस्तिपत्रकं झाली. डॉ. लॅथ्रपनी बाळ झेललं: "आपली मुलं! आपली उत्कृष्टता!" काइलने माझ्याशी हात मिळवला, फोटो निघाला. त्याने घसा खाकरला, "आता पुढचं कामकाज फार रटाळ आहे बरं का!" सगळे हसले. मॅजिस्ट्रा उठल्या. टेसाचं भाषण तिच्या डोक्यातच राहिलं.

होबीकडे आम्ही दोन टेबलं जोडून बसलो होतो. मॅजिस्ट्रा पेकनमधले अक्रोडासारखे दाणे आधी वेचून खात होत्या. तेवढ्यात टेसाचे वडील आत आले. ते कुठेही काहीतरी विसरतात. त्या दिवशी टोपी विसरून सभागृहात परत गेले होते.

"बाबा, एक दिवस तुम्ही मलाच विसरून घरी जाल," टेसा म्हणाली.

ते हसले नाहीत. टोपी हातातच होती. "मॅजिस्ट्रा," ते म्हणाले. ते एरवी मिसेस प्रुस्की म्हणायचे. "तुम्हाला माहीत होतं का?"

"काय?"

"मी टोपीसाठी खुर्च्यांखाली वाकलो होतो. अध्यक्ष म्हणाले, 'किरकोळ बाबी, एकगठ्ठा मंजूर करू, कोणाची हरकत?' हरकत घ्यायला होतंच कोण? भराभर 'हो, हो, हो' झालं. मला वाटलं छताची डागडुजी वगैरे असेल. मग मंडळातल्या एक बाई शेजारच्याला म्हणाल्या, 'बरं झालं, लॅटिनचं रडारड न होता उरकलं.'"

कोणीतरी चमचा खाली ठेवला. मॅजिस्ट्रांनी विचारलं, "काइल तिथे होता?"

"त्यांनीच मांडलं."

"चुकून असेल. त्या गठ्ठ्यात कोणीतरी सरकवलं असेल, त्याला कळलं नसेल."

टेसाचे वडील टोपी हातात फिरवत राहिले. "मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, 'त्या होबीकडे असतील ना? मग त्यांची आजची संध्याकाळ तरी नासू नका.'"

मॅजिस्ट्रा वाटीकडे बघत राहिल्या. "पेकन आहे, म्हणाला," त्या म्हणाल्या. "पाटीसुद्धा वाचून आला होता." मग आमच्याकडे वळल्या. "खा रे. वितळतंय." त्यांच्या वाक्यांच्या शेपटीला त्या दिवशी 'हो की नाही, काय' नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी काइल वर्गात आला. आम्ही दाराबाहेर होतो, आणि दार नीट लागत नाही हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे.

"मॅजिस्ट्रा, समजून घ्या. मतं आधीच ठरलेली होती. भरलं सभागृह, रडणारी मुलं, उद्या पेपरात फोटो... त्रास तुम्हालाच झाला असता."

"म्हणून मला कस्टर्ड खायला पाठवलंस."

"तुम्ही तिथे खूश असता. मला आठवतं ना, आमच्या वेळी तुम्ही किती—"

"तुझ्या वेळचं मलाही आठवतं, काइल," त्या म्हणाल्या. फेलिक्स म्हणाल्या नाहीत. "तुला हरायचं नव्हतं, हे कळलं असतं मला. 'मॅजिस्ट्रा, मी हरलो' म्हणाला असतास तर मीच तुला कस्टर्ड घेऊन दिलं असतं. पण मी मुलांना कुठे नेते, कधी उठते, हे तुला माहीत होतं. मीच शिकवलेलं. आणि नेमकं तेच वापरलंस तू."

तो बाहेर आला तेव्हा त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. तासाला मॅजिस्ट्रा आल्या, फळ्यावर क्रियापद लिहिलं आणि शेवटपर्यंत चालवून दाखवलं. नववीच्या मुलांना घाई करा म्हणाल्या.

मेमध्ये आमच्या संघाने राज्यात पहिला क्रमांक काढला, आणि मंडळाने पुन्हा सत्काराला बोलावलं! डॉ. लॅथ्रपनी हात पसरले. बंद केलेल्या वर्गाच्या मुलांना घट्ट धरून फोटो काढला. काइलने घसा खाकरला. तेच वाक्य, तोच विनोद. "आम्हाला मुळीच राग येणार नाही!"

लोक हसले, खुर्च्या सरकल्या. आम्ही मॅजिस्ट्रांकडे बघितलं. त्यांनी पर्स मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "बसा."

आम्ही बसलो. सवयीने आधी उठलेले टेसाचे वडीलही परत येऊन बसले, आणि दोन-चार आया कोटात एक हात घालून तशाच थांबल्या. काइलने माइक चालू असतानाच विचारलं, "मिसेस प्रुस्की, मुलांना कंटाळा येईल हो."

"येऊ दे."

आणि आला. गवत कापायच्या यंत्राची निविदा, बसची वेळ, कुठल्याशा नळाची गळती. लॅटिनबद्दल एक शब्द नव्हता. ते तर मार्चमध्येच संपलं होतं. प्रत्येक ठरावाआधी काइल मान वर करायचा, आमची भरलेली रांग बघायचा आणि "कोणाची हरकत?" जरा जास्तच मोठ्याने विचारायचा. कोणाचीच नव्हती. आम्ही नुसतं बघत होतो.

सभा संपली तसा तो टाय सैल करत आमच्यापाशी आला. कानांपर्यंत लाल झाला होता, भिंतीवरच्या फोटोतल्यासारखा.

"मॅजिस्ट्रा," तो म्हणाला, "चला, आज सगळ्यांना कस्टर्ड माझ्याकडून. मी येतो बरोबर."

मॅजिस्ट्रांनी कोटाची बटणं लावली. वरचं एक बटण सैल होतं, ते त्या चाचपत राहिल्या.

"होबीने एव्हाना दुकानाचं दार लावून घेतलं असेल, काइल," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत बसलं की कस्टर्ड मिळत नाही. तुमच्या संघाला हे पहिल्याच वर्षी शिकवायला हवं होतं मी."

मग त्यांनी नववीच्या सगळ्यात लहान मुलीच्या हातात तिचं विसरलेलं प्रशस्तिपत्रक दिलं, आणि आम्हाला पुढे घालून त्या गाड्यांकडे चालायला लागल्या.