पावणे 2 किलो
घड्याळात पावणेदोन झाले की अजूनही मला एक मेसेज आठवतो. नवीन जालना भागातल्या एका संस्थेत मी गावोगावच्या आशाताईंचे, म्हणजे आशा स्वयंसेविकांचे, मेसेज वाचणारा प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक मेसेजमधून बाळाच्या वजनाचा आकडा एक छोटं रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकुरातला ठरावीक नमुना शोधणारं सूत्र, वेचून काढायचं, आणि दोन किलोच्या खालची बाळं तातडीच्या यादीत जायची. कुणाला आधी दवाखान्यात न्यायचं ते कळावं म्हणून ती यादी ताईंना पाठवली जायची. एका दुपारी पंख्याखाली जुने मेसेज सहज चाळताना जाफराबादकडचा एक दिसला, तीन दिवसांपूर्वीचा: "मुलगी, वजन पावणे 2 किलो, दूध ओढत न्हाई." माझ्या सूत्राला आकडे तेवढे कळत होते. त्यानं 2 उचलला, 'पावणे' सोडून दिलं, आणि पोरगी यादीबाहेर राहिली. मेसेज पाठवणाऱ्या ताईंना फोन लावला. घंटी नुसती वाजत राहिली. पुन्हा लावला, तरी कुणी उचलेना; समोर स्क्रीनवर तो 2 तसाच. तिसऱ्यांदा आवाज आला, "बोला सर." "ताई, ती पावणेदोन किलोची पोरगी…" मी पुढं विचारायच्या आतच ताई म्हणाल्या, "तिला परवाच जालन्याला नेलं की. काचेच्या पेटीत हाय, आता दूध पिऊन राह्यली." "पण यादीत तिचं नाव नव्हतं." "वजन मीच केल्तं ना सर, मंग यादी कशाला पाहू?" आता माझं सूत्र पावणे, सव्वा, साडे सगळं ओळखतं. तरी यादी पाठवताना भीती वाटते ती स्वतः वजन करूनही यादीची वाट बघत बसणाऱ्या एखाद्या ताईची.