खोडलेली ओळ

आमच्या कॉव्हेंट्रीच्या घरात पाऊल टाकता टाकता मावशी उंबऱ्यातच थांबली. मला वाटलं, भाच्याने परदेशात घर घेतलं म्हणून तिचा ऊर भरून आला असावा. ती चौकटीकडे बघत म्हणाली, "नंदू, ही डावीकडे सूतभर कललीय." मी हसण्यावारी नेलं. ती आंघोळीला गेल्यावर मात्र गुपचूप लेव्हल लावून पाहिली. सूतभरच कलली होती. पंचवीस वर्षांच्या मॉर्गेजवर घेतलेलं ते घर मला तेव्हापासून तिरकं दिसतं.

मुंबईत रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात तिने तीस वर्षं ट्रेसर म्हणून काढली. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची, हे तिचं काम. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर डोंबिवलीत एकटीच राहायची, म्हणून दोन हजार सालानंतरचे तीन उन्हाळे मी तिला सहा-सहा महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं. पाठीमागे आम्ही तिला ट्रेसरमावशी म्हणत असू. तोंडावर नुसतं मावशी, तेही जपून.

"ट्रेसरनं शहाणपणा करायचा नसतो. खाली जे आहे तेच वर आलं पाहिजे," हे तिचं ब्रीद. एकदा म्हणे एका साहेबाने दुमजली बंगल्याच्या नकाशात जिनाच काढला नव्हता. मावशीने बिनजिन्याचा बंगला सुबक उतरवून दिला. साहेब भडकला. ही म्हणाली, "तुम्ही काढा, मी उतरवते." ही गोष्ट सांगताना ती कधी हसायची नाही. ती विनोद म्हणून सांगतच नव्हती.

अशी माणसं तुमच्याही घरात असतील. त्यांचं कौतुक लांबूनच करावं. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत अध्यक्षांच्या बायकोने हॉलच्या दारात चार तास बसून रांगोळी काढली. मावशीने वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे वर्तुळ आहे की बटाटा?" बाई रडत किचनमध्ये गेल्या. मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, घरी आल्यावर मला सांगितलं, "तुमची मावशी आहे, तुम्हीच सॉरी म्हणा." मी फोन केला आणि मावशीला मोतीबिंदू आहे असं सांगितलं. तिची नजर गरुडासारखी होती. पण त्यानंतर मंडळात तिच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहू लागली.

तीन उन्हाळ्यांत तिच्याशी आपणहून बोलायला आलेलं एकच माणूस निघालं, आणि तेही इंग्रज. डोरोथी ऐंशीच्या घरातली, एका कानाने बहिरी. मावशी पेपर वाचायला जायची त्या लायब्ररीतल्या टेबलाशी आपल्या पणजोबांच्या पत्रांचं खोकं घेऊन हताश बसलेली असायची. पणजोबा रेल्वे इंजिनियर. व्हिक्टोरिया राणीच्या काळात कामासाठी हिंदुस्थानात गेलेले. सह्याद्रीच्या घाटात लोहमार्ग बांधताना दोन वर्षं बायकोला पत्रं लिहीत होते. त्या काळी कागद आणि टपाल वाचवायला आधी आडवं लिहायचे, मग कागद फिरवून त्याच ओळींवरून उभं. डोरोथीला ती नुसती जाळी दिसत होती. मावशीने खांद्यावरून डोकावून घडाघडा वाचायला सुरुवात केली. डोरोथी थक्क. मावशी म्हणाली, "यात काय? खालची लाइन वेगळी, वरची लाइन वेगळी. आमचं रोजचंच होतं."

मग दर गुरुवारी डोरोथीकडे चहा, फ्रूट केक आणि पणजोबा. मावशी वाचून सुवाच्य अक्षरात उतरवायची, मी ते कॉम्प्युटरवर टाइप करायचो. त्याची पुस्तिका डोरोथी ज्यात होती त्या तिथल्या इतिहास मंडळाने काढायची असं ठरलं होतं. हळूहळू पणजोबा आमच्याही घरचे झाले. "आज त्यांचं चीज पावसानं सडलं," मावशी जेवताना सांगायची, जणू ते शेजारच्या ब्लॉकमध्ये राहत होते. त्यांचं लाडकं घोडं दरीत पडून मेलं ते पत्र वाचलं तेव्हा डोरोथी रडली, आणि मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मावशीला असा कुणावर हात ठेवताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका पत्रात एक ओळ दाट शाईने खोडलेली निघाली. मावशीने तो कागद पालथा करून खिडकीच्या काचेवर धरला. पाठीमागून निबाचे ठसे दिसत होते. दोन दिवस लागले, पण ओळ निघाली. 'मुकादम सांगत होता, खाली अजून माणसं आहेत. पाऊस थांबणार नव्हता. मी सुरुंगाला बत्ती द्यायला लावली.' त्याच्या पुढच्याच ओळीत मुलीसाठी एक पिवळं रानफूल पाकिटात घातल्याचं लिहिलं होतं.

"मावशी, हे डोरोथीला नको सांगूस," मी म्हणालो.

"का?"

"अगं, त्यांनी खोडलंय."

"खोडलंय म्हणजे लिहिलं होतं. खोडलेलंही उतरवायचं, वर रेघ मारून."

त्या गुरुवारी मीच तिला गाडीने घेऊन गेलो, म्हणून मीही तिथे होतो. मावशीने केक बाजूला सरकवला आणि ओळ वाचली. डोरोथी केककडे बघत राहिली. मावशीला वाटलं, बहिऱ्या कानाकडून वाचलं. ती उठली, टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि तीच ओळ पुन्हा, मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून वाचली. डोरोथीने हातातली बशी खाली ठेवली.

"मी पहिल्या वेळीच ऐकलं होतं," ती हळूच म्हणाली आणि मला विचारलं, "आणखी चहा?" मी होय म्हणालो. अशा वेळी माणसाने काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही, पण होय नक्कीच नाही.

गाडीत मी मावशीवर तोंडसुख घेतलं. म्हातारं माणूस, तिचे पणजोबा, जरा जपून, वगैरे. ती बाहेर बघत होती. "घोडं मेलं तेव्हा रडली ना?" एवढंच म्हणाली.

दोन दिवसांनी डोरोथीचा मला ऑफिसात फोन आला. आवाज अगदी मऊ. "नंदू, ती ओळ त्यांनी स्वतःच खोडली होती. म्हणजे कुणी वाचावी अशी त्यांची इच्छा नव्हती. तू समजूतदार आहेस." मला आयुष्यात समजूतदार म्हणणारी माणसं फार भेटलेली नाहीत. मेधा तर नाहीच. जाता जाता डोरोथी म्हणाली की पुस्तिकेत माझं नाव घालायचं त्यांच्या कमिटीने ठरवलंय. मी ओळ काढली. दोन सेकंदांचं काम. फाइल पाठवून दिली, आणि मावशीची एकुलती एक मैत्रीण मी वाचवली अशी स्वतःची पाठ थोपटली.

पुढच्या गुरुवारी मावशी बेसनाचे लाडू घेऊन बसने डोरोथीकडे गेली आणि तासाभरात डबा तसाच घेऊन परत आली. "घरात नव्हती," म्हणाली. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा गेली. या खेपेला डबा ओट्यावर ठेवत म्हणाली, "पडदा हलला." तिसऱ्या गुरुवारी ती सकाळीच डाळ निवडायला बसली आणि संध्याकाळपर्यंत निवडत राहिली. डाळ पॅकेटातली होती, तिच्यात एक खडा नव्हता.

पुस्तिका पोस्टाने आली ती माझ्या नावावर. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर पणजोबा दाढीसकट. पहिल्या पानावर लिहिलं होतं की ही अवघड पत्रं वाचून उतरवण्याचं काम श्री. नंदू यांनी मोठ्या चिकाटीने केलं. मावशीचं नाव शोधलं. नव्हतं. पुस्तिका लपवावी म्हणून मी उठलो, तेवढ्यात ती भिंग घेऊन समोर येऊन बसली.

तिने दोन तास पान न् पान तपासलं. स्वतःचं नाव नसल्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्या पत्रापाशी आली आणि भिंग खाली ठेवलं.

"ही ओळ कुणी काढली?"

"डोरोथी म्हणाली की..."

"तिचं नाही विचारलं. टाइप कुणी केलं?"

"मी. पण तुझ्यासाठीच गं, मावशी. तुला इथे दुसरं कोण आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. चौकटीकडे पाहिलं होतं तसंच.

"माझं जाऊ दे. त्या खाली राहिलेल्यांना माझ्याशिवाय दुसरं कोण होतं?"

पुढचे बारा दिवस ती माझ्याशी नीट बोलली. मीठ दे, दार लाव, गॅस बंद केलास का. हीथ्रोवर मी वाकून नमस्कार केला, तिने आशीर्वाद दिला. पुढच्या वर्षी तिकिटासाठी फोन केला तर म्हणाली, "नको रे, गुडघे फार दुखतात." मी काळजीने तिच्या शेजाऱ्यांना फोन केला. ते हसले. बाई रोज तिसरा मजला दोनदा चढतात, म्हणाले. जन्मात कुणाचं मन राखायला खोटं न बोललेल्या बाईने माझं मन राखलं होतं. तिने मला परक्यांत घातलं, ते त्या दिवशी कळलं. दीड वर्षाने ती गेली. ऑफिसात सिस्टिम बदलत होती, रजा मिळाली नाही. मी फारशी मागितलीही नाही.

डोरोथीच्या मंडळाचा दरवर्षी एक कार्यक्रम असतो. मला आमंत्रण येतं आणि मी जातो. कुणीतरी माझी ओळख करून देतं: पणजोबांची पत्रं यांनीच वाचली. लोक टाळ्या वाजवतात, मी हात जोडतो. मागच्या खेपेला एका बाईने केकची बशी पुढे करत विचारलं, "ते आडवं-उभं वाचणं फार कठीण गेलं असेल, नाही?"

"सुरुवातीला," मी म्हणालो आणि केक उचलला. "मग होते सवय."