कोरड्या बोडीतली मरळ

उन्हात तापलेल्या गाळाचा वास आला की मूल गावाजवळची एक बोडी आठवते. गावचं ते छोटं तळं मे महिन्यात आटून भेगाळलं होतं आणि ते बुजवून तिथे समाजमंदिर बांधायचं घाटत होतं. मी बातमीसाठी गेलो होतो. "मेलेली बोडी हाय. पाणी नाई, जीव नाई," सरपंच म्हणाले आणि मी ते वहीत उतरवलं. मासे धरून पोट भरणारी एक म्हातारी काठावर बसली होती. माझ्या हातातल्या पेपरात मंगळाच्या जमिनीचा फोटो होता. तो पाहून तिने विचारलं, "हे कोन्या गावची बोडी जी?" हा दुसरा ग्रह आहे, तिथे जमिनीखाली पाणी असेल, कदाचित जीवही असेल, एक यंत्र ते शोधतंय, असं मी सांगितलं. "किती खणलं त्यानं?" "बोटभर." ती हसली. "बोटभर खणून काय भेटन, भाऊ?" मग ती बोडीत उतरली, अनवाणी टाचेने जमीन चाचपत फिरली, एका जागी थांबली आणि सोबतच्या सब्बलीने, लोखंडी पहारीने, कोपरभर खणलं. खालचा गाळ ओला होता. त्यात हात घालून तिने मरळ बाहेर काढली. मासा सावकाश तोंड उघडत, मिटत होता. "लिवा आता, मेली म्हणून." सरपंच खाली उतरून खड्ड्यातला ओला गाळ चाचपू लागले. मी वहीतली ओळ खोडली. समाजमंदिर पुढे शाळेमागे झालं. मंगळाची बातमी आली की मी अजूनही आधी शोधतो, या वेळी किती खोल खणलं.