सहा नंबर आणि दोन चहा

तिला घरात सगळे पवनचक्की म्हणायचे. बाईंचे हात हलल्याशिवाय तोंडच हलत नसे! जेवताना नवरा आपलं ताट जरा लांब सरकवूनच बसायचा. बस स्थानकाच्या वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, माईकपुढे बसून "गाडी सहा नंबरला लागत आहे" असं सांगतानाही तिचा उजवा हात थेट सहा नंबरकडे जायचा. "अगं, माईकला हात दिसत नाहीत," नवरा चिडवायचा. "माहितीय मला," ती म्हणायची, आणि तेही हातवारे करून.

केस पांढरे झाले ते त्या खोलीतच. मग एक दिवस साहेबांनी सांगितलं, आता तुमच्या आवाजात कॉम्प्युटरच बोलणार. जुन्या रेकॉर्डिंगवरून शिकलाय तो. तुम्ही थोडे दिवस नुसतं लक्ष ठेवा, मग बघू तुमचं काय करायचं ते.

"मग बघू" म्हणजे काय, हे न कळण्याइतकी ती दूधखुळी नव्हती. घरी येऊन तिने नवऱ्यावर तोंडसुख घेतलं, बिचाऱ्याचा काही दोष नसताना. मग रडली. "माझाच आवाज मला खुर्चीवरून उठवतोय हो! आता मी कुणाच्या कामाची?" त्या दिवशी जेवताना नवऱ्याने ताट लांब सरकवलं नाही. तिचे हात नुसते मांडीवर पडून होते.

कॉम्प्युटरने मात्र पहिल्याच दिवशी धमाल उडवून दिली. आवाज हुबेहूब तिचा. ना खोकला, ना अडखळणं. पण बाईंना जन्मात कधी माईक वेळेवर बंद करता आला नव्हता, आणि तो पठ्ठ्या तेही शिकून बसला होता. "गाडी सहा नंबरला लागत आहे... आणि दोन चहा सांगा गं!" प्रत्येक घोषणेला हेच! चहावाले काका सरळ माणूस. वरून ऑर्डर आली की दोन कप रवाना. साहेबांच्या टेबलावर कोपर टेकायला जागा राहिली नाही. अख्खं स्थानक हसत होतं. बऱ्याच दिवसांनी तीही हसली.

हसता हसता तिचं लक्ष काचेबाहेर गेलं. तपकिरी शालीतल्या आजी चार नंबरच्या बाकावर बसल्या होत्या. अधूनमधून लेकीकडे जाणाऱ्या या आजी तिच्या पाहण्यातल्या होत्या. त्यांची गाडी तर सहाला उभी होती! वरून घोषणा झाली, अगदी स्वच्छ, दोनदा. आजी ढिम्म. काचेच्या खोलीकडेच टक लावून बसलेल्या. तिकडे ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

माईक तर बंद करून ठेवलेला. ती उठली आणि जिना उतरून धावत सुटली. "थांब रे बाबा!" एक हात ड्रायव्हरला, दुसऱ्या हातात आजींची पिशवी.

"अहो आजी, दोनदा सांगितलं की!"

आजींनी तिच्या ओठांकडे बघत कानाला हात लावला. "मला कुठलं ऐकू येतंय, बाळा? किती वर्षं झाली त्याला."

"मग इतके दिवस गाडी कशी सापडायची?" तिने हातांनीच विचारलं.

"तू दाखवायचीस ना वरून! सहाला असली की हात असा." आजींनी तिचा हात जस्साच्या तस्सा करून दाखवला. "आज हात बांधून बसलीस. मला वाटलं, गाडीच नाही."

तिला एकदम भरून आलं. इतका आनंद झाला, की भर स्थानकात तिने आजींना मिठीच मारली. मग त्यांना खिडकीत बसवलं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.

साहेब धापा टाकत आले. "बाई, खोली सोडून इथे काय करताय?"

"साहेब, आवाज ठेवा तुमच्या कॉम्प्युटरकडे. मी आता खालीच उभी राहणार. लोकांना माझे हात लागतात."

साहेबांनी आजींचा सगळा प्रकार वरून पाहिला होता. "बरं. उद्यापासून?"

"आत्तापासून!"

तेवढ्यात वरून तिचाच आवाज आला, "गाडी दोन नंबरला लागत आहे..." तिचा हात आपसूक दोन नंबरकडे गेला, आणि बाकावरची माणसं उठून तिकडे धावली.

"...आणि दोन चहा सांगा गं!"

"सांगा, सांगा!" ती खिदळत ओरडली. "एक मला, एक साहेबांना!"