साबणाने हात धुणारे देवरावजी

क्रेडिट कार्डाच्या फॉर्मांचा गठ्ठा हाताळला की देवरावजी साबणाने हात धुवायचे. धुळीने माखलेल्या फायली, शाईचे पॅड, फाटक्या नोटा, कशाचंच त्यांना वावडं नव्हतं. हे फॉर्म मात्र चिमटीत धरून, अंगापासून लांब ठेवत ते माझ्या टेबलावर आणून टाकायचे आणि तडक बेसिनकडे जायचे. "छ्या! वासच येते साहेब याले." मी वर्ध्याच्या आमच्या बँकेत नवा अधिकारी, ते तिथले जुने शिपाई. मला तो सगळा तमाशा वाटायचा.

कोणी कार्ड मागायला आलं की ते माझ्याआधी पुढे व्हायचे. प्रश्न एकच, "तुले लागते काय?" सावंगीला शिकणाऱ्या एका मुलीला ऑनलाइन खरेदीसाठी कार्ड हवं होतं. तिला म्हणाले, "प्रीपेड घे बाई. लागन तेवढंच त्यात भर. कोणी फसवलं तं तेवढंच जाईन." एका मास्तरांना त्यांनी विचारलं, "गुरुजी, बिल आलं का पुरं भरान, का थोडं थोडं? थोडं थोडं भराचं असन तं क्रेडिट कार्डाचं नाव काढू नका." आमचे शाखाधिकारी आत बसून दातओठ खायचे, कारण क्रेडिट कार्डं किती खपवायची ते दर महिन्याला वरून ठरून यायचं.

पवनारच्या कलाबाई स्वतः पिकवलेली भाजी वर्ध्याच्या बाजारात विकायच्या. बँकेच्या रांगेत त्यांचा सकाळचा धंदा बुडायचा, म्हणून एटीएममधून पैसे काढता येतील असं कार्ड त्यांना हवं होतं. साधं डेबिट कार्ड, पाच मिनिटांचं काम. पण महिनाअखेर होती आणि माझ्या आकड्यात एक क्रेडिट कार्ड कमी पडत होतं. कलाबाईंनी लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी आमच्याकडे मुदत ठेव ठेवली होती. त्या ठेवीच्या तारणावर मी त्यांना क्रेडिट कार्ड दिलं. "यातूनही पैसे निघतात, बाई," एवढंच म्हणालो. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते आठवलं की मला आजही स्वतःची किळस येते.

देवरावजी मधे पडले होते. "साहेब, तिले तिचाच पैसा काढाचा हाये. तुमी तिले बँकेचा उधार काऊन देऊन राह्यले?" मी त्यांना चहा आणायला पाठवलं.

कलाबाई दर आठवड्याला एटीएममधून पैसे काढू लागल्या. पासबुक छापून आणलं की शिल्लक तशीच्या तशी. यंदा मेथीने हात दिला, म्हणून खातं आटत नाही, असं त्या बाजारात सगळ्यांना सांगायच्या, हे मला मागून कळलं. बिलाचे इंग्रजी मेसेज त्या जाहिराती समजून पुसून टाकायच्या.

प्रवेशाला दोन दिवस उरले असताना त्या लेकीला घेऊन ठेव मोडायला आल्या. थकलेल्या बिलापोटी ठेव अडकली होती. मी त्यांच्यापुढे नियमांचा कागद सरकवला. देवरावजींनी तो उचलला. "कागद नोका दाखवू. तोंडानं सांगा साहेब, तुमी काय केलं ते."

भरल्या बँकेत मी सांगितलं. कलाबाई ओरडल्या नाहीत. "पन तुमीच तं म्हटलं होतं ना साहेब, यातून पैसे निंगते म्हणून?" त्यांची लेक भिंतीवरचं आमच्या कार्डाचं रंगीत पोस्टर वाचत उभी होती. त्यातली बाई हसत होती.

सगळी थकबाकी मी त्याच दुपारी खिशातून भरली. ठेव मोकळी करायला मुख्य कार्यालयाने आठवडा लावला. तोवर जागा गेली आणि पोरीचं वर्ष वाया गेलं. शाखाधिकाऱ्यांनी मात्र ते कार्ड दिलं त्या महिन्याचा आकडा गाठला म्हणून माझी पाठ थोपटली होती. मी बेसिनवर हात धुवायला गेलो, तर देवरावजींनी साबणाची वडी उचलून घेतली. "हे साबणानं नाई निंगत," म्हणाले.

त्यानंतर मीही येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारू लागलो, तुम्हाला लागतं काय? कलाबाईंना डेबिट कार्ड करून दिलं. लेक पुढच्या वर्षी नर्सिंगला लागली. आता मी सुधारलो, असं मला मनापासून वाटू लागलं.

देवरावजी निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांच्या वतीने भेट आणण्याचं काम माझ्याकडे होतं. निरोपाच्या वेळी मी त्यांच्या हातात चकचकीत पाकीट दिलं. टाळ्या झाल्या. त्यांनी आतलं कार्ड चिमटीत धरून बाहेर काढलं.

"हे कुठी चालते साहेब?"

"नागपूरच्या मॉलमध्ये. गिफ्ट कार्ड आहे. सहा महिन्यांत वापरायचं."

ते गिरडजवळच्या त्यांच्या गावी कायमचे राहायला निघाले होते. गुडघे असे, की बँकेच्या तीन पायऱ्या चढतानाही कठडा धरावा लागायचा. टाळ्या ओसरल्यावर ते माझ्याजवळ आले आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "राग नोका मानू साहेब. पन मले काय लागते, हे इचारलं का तुमी?"

ते कार्ड माझ्या टेबलावर ठेवून देवरावजी बेसिनकडे गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.