तिवश्याची लाइन

कंपनी पारखावी तर भागीरथाबाईंनीच. ‘माणसं जोडा अन् कमवा’ म्हणत फिरणाऱ्या कंपन्या अमरावतीत काही कमी नाहीत, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या पोरांनी तरी या बाईंच्या ओट्यावर बसून घाम पुसलेला आहे. बाई आधी पाणी द्यायच्या, मग चहा द्यायच्या, आणि मग सुरू व्हायच्या. "तुमचा माल बाहेरचा माणूस घेते, का मेंबरच घेते? पैसे माणूस जोडल्याचे देता का माल विकल्याचे? अन् नाही खपला तं वापस घेता?" टायवाला पोरगा परदेशातल्या सहलीचे फोटो दाखवायला लागला, की या म्हणायच्या, "बापा, सहल राहू दे. साबनाचं बोल."

अशा तीन-चार कंपन्या त्यांनी दारातून परत लावल्या. त्यांतल्या दोन पुढे बुडाल्या, तेव्हा गल्लीतल्या बायांनी बाईंचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. शेवटी अकोल्याच्या कुलदीपची कंपनी त्यांच्या चाळणीतून पार पडली. साबण, टूथपेस्ट, भांड्यांचं लिक्विड, प्रोटीनची पावडर. माल चांगला, भाव थोडा चढा, पण न खपलेला डबा महिनाभरात परत घेणारी. बाई ब्लाउज शिवायच्या, तेव्हा गिऱ्हाईक घरचंच होतं. माप घेता घेता साबण विकला, हूक लावता लावता पावडर. उन्हातान्हात स्कूटी घेऊन साईनगरपासून बडनेऱ्यापर्यंत फिरल्या. फुकटचं काही नव्हतं त्यात, हे खरंच सांगायला पाहिजे.

नव्या लोकांना शिकवायच्याही त्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "जो मानूस आपल्याले नाही म्हनू शकते, त्याचंच हो खरं समजायचं. भिडेनं घेतलेला डबा म्हणजे विक्री नोहे." हॉलमधले लोक माना डोलवायचे. बोलायला काय जातं!

झालं असं, की वरच्या पदावर जायला दोन लाइनी, म्हणजे आपल्या हाताखाली जोडलेल्या माणसांच्या दोन साखळ्या, भक्कम लागत होत्या. एक लाइन एका नर्सबाईंची, ती घोड्यासारखी पळत होती. दुसरी काही केल्या उभी राहीना. त्याच वर्षी अनुपचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, लग्न झालं. मुलगी तिवश्याची, नीलम. विहारात बुद्धवंदना झाली, साधं जेवण झालं, आणि भागीरथाबाईंनी माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "आमी हुंडा घेतला नाही, घेनार नाही. आमाले फक्त पोरगी पाहिजे." टाळ्या पडल्या. मुलीचे वडील पुंजाजी कोपऱ्यात उभे राहून डोळे पुसत होते. नागपूर रोडवर त्यांचं पंक्चरचं दुकान. अशी विहीण मिळाली, हे त्यांना खरंच वाटत नव्हतं.

दोन महिन्यांनी पुंजाजी लेकीला भेटायला आले. चहा झाला. बोलता बोलता भागीरथाबाई म्हणाल्या, "इवाईबुवा, तिवश्यात आपली कंपनी कोनी करत नाही. एखादा मानूस असन तं सांगा."

वाक्य पुरं व्हायच्या आत पुंजाजी बोलले, "मानूस कायले पाहिजे, इहीनबाई? माझं नाव टाका."

माल कोण घेईल, हे या माणसानं विचारलं नाही. परत करता येतो का, हेही विचारलं नाही. जे प्रश्न बाई दुनियेला विचारायला शिकवत होत्या, त्यांतला एकही निघाला नाही, आणि बाईंना त्याचं काही वाटलंही नाही. उलट त्या खूश झाल्या. केवढा विश्वास आहे माणसाचा आपल्यावर! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

दर महिन्याला तिवश्याची ऑर्डर यायची, कधी चुकली नाही. फोन केला की पुंजाजी म्हणायचे, "मालाची काळजी करू नका, हातोहात चालला." वर्षभरात बाई वरच्या पदावर गेल्या. अकोल्याच्या हॉलमध्ये शाल मिळाली, फोटो निघाला. कुलदीपनं माइक दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "माझे व्याही पंक्चरचं दुकान चालवतात. ते तिवश्यात माल खपवू शकतात, तर तुम्ही काऊन नाही?" समोर खुर्चीवर नीलम बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंना वाटलं, लाजली असेल.

पुढं उन्हाळ्यात नागपूरच्या एका लग्नाहून परतताना एसटी तिवश्याच्या स्टँडवर थांबली. बाईंच्या मनात आलं, न सांगता जाऊन व्याह्यांना चकित करावं. उतरल्या.

दुकानासमोर एक ट्रॅक्टरवाला शिव्या देत उभा होता, आणि पुंजाजी घामाघूम होऊन पायपंपानं त्याच्या चाकात हवा भरत होते. साठीचा माणूस. दर चार दाबांनी थांबायचा आणि कमरेवर हात ठेवायचा. दुकानात कॉम्प्रेसरची जागा रिकामी होती, तिथं सिमेंटवर तेलाचा काळा चौकोन तेवढा दिसत होता.

"कॉम्प्रेसर कुठी गेला, इवाईबुवा?"

पुंजाजी दचकले. हात पुसायला लागले, ते पुसूनच होईनात. "जयभीम, जयभीम. तो... दुरुस्तीले देल्ला."

ट्रॅक्टरवाल्याला काय ठाऊक? तो म्हणाला, "कायची दुरुस्ती, दिवाईतच इकला ना तुमी."

घरात गेल्यावर पुढच्या खोलीत बसवलं त्यांना, पण पाणी प्यायला म्हणून त्या आतच गेल्या. पलंगाखाली खोके. फळीवर खोके. धान्याच्या कोठीवर खोके, सीलबंद, कंपनीच्या चिकटपट्टीसकट. मोरीत म्हैस धुवायची बादली होती, तिच्यात केसांच्या शांपूची बाटली. पुंजाजींची बायको ओशाळून म्हणाली, "चांगला हाय व शांपू. म्हशीची कातडी लय नरम झाली."

दुसऱ्या कोणाच्या घरी हे पाहिलं असतं तर भागीरथाबाई पोट धरून हसल्या असत्या. आता मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याची लेक आपल्या घरात, त्याचा हात दगडाखाली. तो आपल्याला नाही म्हणणार होता कसा? माइकवरून नाकारलेला हुंडा आपण हप्त्याहप्त्यानं वसूल केला, वर पावती दिली, आणि त्याच पैशाची शाल पांघरून अकोल्यात मिरवलो. समोर आलेला चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

त्या घरी आल्या तेव्हा नीलम भाजी निवडत होती. बाई तिच्यासमोर खालीच बसल्या.

"तुले माहीत होतं?"

नीलमनं मान खाली घातली. "हाव."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"बाबांनी शपथ घातली होती." हातातली जुडी खाली ठेवून ती म्हणाली, "अन् आई, तुमी चांगल्या आहे, हे मले माहीत आहे. बाबाले कसं माहीत असन?"

भागीरथाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. अनुप म्हणाला, सोड ना आई, मी नीलमच्या बाबांना फोन करून ऑर्डर बंद करायला सांगतो. "तू नको सांगू," त्या म्हणाल्या, "जावयाचा फोन गेला तं ते अजून भितीन." पोराला कळलं नाही, तरी त्यानं हातातला फोन खाली ठेवला.

कुलदीपला त्यांनी कळवून टाकलं. तो हळहळला, त्यानं समजावलं, व्याह्यांचं नाव काढा, तुम्ही राहा, असंही सुचवलं. पण बाई ऐकेनात. ज्या पदावर असं चढलो त्यावर बसवत नाही, म्हणाल्या. सीलबंद मालापैकी महिन्याच्या आतला तेवढा कंपनी परत घेणार होती. बाकीच्याचे पैसे बाईंनी पदरचे काढले. शिवणाची मशीन पुन्हा खिडकीशी आली, आणि एक जुना पण चालू कॉम्प्रेसर विकत घेऊन, तो टेम्पोत टाकून, नीलमला घेऊन त्या तिवश्याला निघाल्या. रस्ताभर मनात माफीची वाक्यं घोटत होत्या.

कॉम्प्रेसर पाहून पुंजाजींचा चेहरा उतरला. "हे काय, इहीनबाई? लेकीच्या घरचं आमी घेत नसतो."

"हे लेकीच्या घरचं नाही, तुमचंच आहे," भागीरथाबाई म्हणाल्या, आणि घोटलेली सगळी वाक्यं विसरल्या. "चुकलं माझं, भाऊ. मी तुमाले विचारायलेच नाही पाहिजे होतं. विचारलं, तवा तुमची अडचण मले दिसाले पाहिजे होती. मी कंपनी सोडली. तुमचंही नाव काढलं. आता काही घेऊ नका, मले काही नको." त्यांनी हात जोडले.

मुलाच्या आईनं हात जोडलेले पाहून पुंजाजी घाबरून उभे राहिले. बायकोला म्हणाले, चहा ठेव. मग नीलमला बाजूला, दाराआड नेलं. आवाज दबका होता, पण घर ते केवढं! बाईंना शब्द न् शब्द ऐकू आला.

"पोरी, खरं सांग. घरी काही वाजलं काय? तुले वापस आनून सोडून राहिल्या काय?"

"नाही हो बाबा. त्या खरंच माफी मांगून राहिल्या."

पुंजाजी बाहेर आले. लेकीचं बोलणं त्यांना पटलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं. ते बाईंसमोर बसले नाहीत, उभेच राहिले, आणि टोपी काढून हातात धरली.

"इहीनबाई, तुमी म्हनता तं सोडली, बरं झालं. आता जी नवी कंपनी धरान ना, तिच्यात पयलं माझंच नाव टाका. या बारीनं कमी नाही पडू देनार."

भागीरथाबाईंनी तोंड उघडलं. नाही, काही नवी नाही, हे त्यांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, पोटच्या पोराची शपथ घेऊन सांगितलं. पुंजाजी प्रत्येक वेळी ‘हाव, हाव’ म्हणत राहिले.