एक्स सोडायचा की नाही

बारावीच्या केमिस्ट्रीत मी नापास झाले आणि फार्मसीचा डिप्लोमा लटकला. फेरपरीक्षेत सुटले तरच प्रवेश, नाहीतर वर्ष वाया. म्हणून येडगावहून वारूळवाडीच्या एका खत-औषधांच्या दुकानात शिकायला जाऊ लागले. दुकान मारवाडी जैन कुटुंबाचं. त्यांच्या सूनबाई केमिस्ट्रीच्या एम.एस्सी. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवरच शिकवायच्या. मी त्यांना ताई म्हणायचे.

माझं घोडं अडलं ते इक्विलिब्रियमवर. क्रिया पुढे जाते, मागेही येते आणि कुठेतरी तोल साधते. तेव्हा कोणता पदार्थ किती उरला ते काढायचं. सुरुवातीला एक मोल, म्हणजे केमिस्ट्रीतलं एक माप, घेतलं तर खर्च झाला तो एक्स, उरला एक वजा एक्स. मी तो एक्स उडवून सरळ एकच लिहायचे. आमच्या घरची रीतच ती. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये टोमॅटोचं औषध ओतल्यावर पाणी किती वाढलं हे वडिलांनी जन्मात मोजलं नाही. "एवढ्याशानं काय व्हतंय?" म्हणतात.

ताईंनी दिलेल्या गणितात एक्स उडवल्यामुळे एका मोलमधून माझे दोन मोल खर्च झाले. उरला वजा एक.

"हा वजा एक मोल मला बरणीत भरून दाखव," ताई म्हणाल्या. तेवढ्यात आलेलं गिऱ्हाईकही हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "निम्मा ड्रम औषधच ओतलंस तर ते सोडशील का? आधी के बघ, म्हणजे क्रिया किती पुढे जाते तो आकडा. के अगदी बारीक असेल तरच एक्स सोडायचा."

मला भयंकर राग आला. ताईंचा, वडिलांचा, त्या ड्रमचासुद्धा. त्या तिरमिरीत ठरवलं, आता काही झालं तरी एक्स सोडायचा नाही. महिनाभर प्रत्येक गणितात अख्खं वर्गसमीकरण मांडलं. "अगं, इथे गरज नाही," ताई सांगून थकल्या. मी कसली ऐकतेय!

फेरपरीक्षेत सौम्य आम्लाचं गणित आलं. के इतका बारीक, की आंधळ्यालाही दिसावा. मलाही दिसला. तरी वर्गसमीकरण मांडलं. कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून लॉगटेबल उघडून वर्गमूळ काढत बसले. चुकलं, खोडलं, पुन्हा काढलं. घंटा झाली तेव्हा शेवटचे दोन प्रश्न कोरे होते.

दुसऱ्या दिवशी ताईंनी एक्स सोडून तेच गणित एका जुन्या बिलाच्या पाठीवर दोन ओळींत केलं. उत्तर ०.००१३. माझंही तेच होतं.

मी तीन मार्कांनी गेले.

निकाल वडिलांना शेतातच सांगितला. ते ड्रममध्ये औषध ओतत होते. कशानं गेले तेही सगळं सांगितलं. हातातली बाटली तशीच धरून त्यांनी ऐकलं.

"मंग त्यो न सोडून जास्तीचं काय निघालं?" त्यांनी विचारलं.

काहीच नाही. उत्तर तेच निघालं, वर्ष तेवढं गेलं.